म्हातारपणी परदेश: मागे राहणाऱ्याचा विचार आधी

नाशिकमध्ये गंगापूर रोड, कॉलेज रोड किंवा इंदिरानगर भागातल्या कोणत्याही सोसायटीत चौकशी केली, तर सगळी मुले परदेशी आणि साठी ओलांडलेले आई-वडील इथे, असे एखादे घर हमखास निघते. आमचेही तसेच आहे. मी बँकेतून निवृत्त झाले, यजमान ओझरच्या एचएएलमधून, आणि एकुलती एक मुलगी न्यू जर्सीत असते. बँकेत आयुष्य गेल्यामुळे शेजारचे आणि ओळखीचे लोक 'आता कायमचे मुलाकडेच जायचे म्हणतो, खात्यांचे काय करावे?' असे विचारायला येतात. खात्यांचे मी सांगते, पण बोलणे वाढत गेले की खात्यांपेक्षा फार मोठे प्रश्न कोणी विचारलेच नव्हते, हे त्यांच्याही लक्षात येते. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

परदेशी स्थायिक होण्याचा निर्णय बहुतेक घरांत पासष्टीतले धडधाकट जोडपे स्वतःकडे बघून घेते. माझ्या मते तो ऐंशीच्या घरातल्या एकट्या माणसाकडे बघून घ्यायला हवा. स्त्रियांचे आयुर्मान जास्त असते आणि आमच्या पिढीत नवरा बहुधा चार-पाच वर्षांनी मोठा असतो, त्यामुळे मागे राहणारी व्यक्ती बहुतेक वेळा बायको असते. तरीही कागदपत्रे, पैसे आणि 'जायचे की नाही' हे सगळे ठरवणारा मात्र बहुधा नवरा असतो.

जाण्यात मिळणारे सुख खरे आहे, ते कमी लेखण्याचे काही कारण नाही. नातवंडे डोळ्यांसमोर वाढतात, आजी-आजोबा हे व्हिडिओ कॉलवरचे चेहरे राहत नाहीत, आणि मुलांना रात्री-अपरात्री फोन वाजला की धस्स होण्यातून सुटका मिळते. न्यू जर्सीत मराठी माणसाला परके वाटावे अशी स्थितीही आता नाही. एडिसनच्या ओक ट्री रोडवर ज्वारीच्या पिठापासून पूजेच्या साहित्यापर्यंत सगळे मिळते, गणेशोत्सव दणक्यात होतो, शनिवार-रविवारी मराठी शाळा भरतात. ग्रंथालये इतकी सुंदर आहेत की आमचे यजमान तिथे असताना दुपारभर घरी सापडत नाहीत. चाकाची खुर्ची लागणाऱ्या माणसालाही सार्वजनिक इमारतीत कोणाचा हात न धरता जाता येते, हे आपल्याकडे अजून स्वप्नच आहे.

पण हे सगळे पाहुणे म्हणून गेल्यावरही मिळते. व्हिजिटर व्हिसावर साधारण सहा महिन्यांपर्यंत राहता येते. कायमचे जाणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तिचे नियम नीट समजून घ्यावे लागतात. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक असेल आणि वय 21 पूर्ण असेल, तर आई-वडिलांसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो आणि त्याला वार्षिक संख्येची मर्यादा नसते. मुलाकडे नुसते ग्रीन कार्ड असेल, नागरिकत्व नसेल, तर तो आई-वडिलांसाठी अर्ज करू शकत नाही. हे ठाऊक नसलेली अनेक घरे इथली आवराआवर सुरू करून बसतात. दुसरा गैरसमज असा, की ग्रीन कार्ड मिळाले म्हणजे मनाला येईल तेव्हा नाशिकला यावे आणि मनाला येईल तेव्हा परत जावे. ते कार्ड तिथे राहणाऱ्यासाठी असते. सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास परतताना विमानतळावर प्रश्न विचारले जाऊ शकतात, आणि री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा आगाऊ परवाना, न घेता वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास तुम्ही वास्तव्य सोडून दिले असेच धरले जाण्याची शक्यता असते. अर्धे वर्ष इथे आणि अर्धे वर्ष तिथे राहू इच्छिणाऱ्यांना म्हणूनच ग्रीन कार्ड सोयीचे होण्याऐवजी अडचणीचे ठरते.

यानंतरचा आणि सर्वांत जड विषय म्हणजे आजारपण. पासष्टीच्या पुढच्यांसाठी अमेरिकेत मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा आहे, पण ग्रीन कार्डधारकाला तिथे सलग 5 वर्षे राहिल्याशिवाय ते घेता येत नाही. ज्यांनी स्वतः किंवा जोडीदाराने तिथे साधारण 10 वर्षे नोकरी करून कर भरलेला आहे, त्यांना रुग्णालयाचा भाग, म्हणजे पार्ट ए, बिनहप्त्याचा मिळतो. आपल्यासारख्यांना तो विकत घ्यावा लागतो, आणि पूर्ण हप्ता दरमहा प्रत्येकी 500 डॉलरहून अधिक आहे. डॉक्टरांच्या खर्चासाठीच्या पार्ट बीचा हप्ता वेगळा. मुलाने तिथे वीस वर्षे कर भरला असला तरी तो आई-वडिलांच्या खात्यात धरला जात नाही. पहिली 5 वर्षे खासगी विम्यावर काढावी लागतात आणि तो हप्ता बहुतेक घरांत मुलगा-सूनच भरतात. व्हिजिटर म्हणून जाणाऱ्यांच्या विम्यात आधीपासूनचे आजार बहुधा धरलेले नसतात, तेव्हा मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्याने पॉलिसीतली ती ओळ स्वतः वाचावी, एजंटाच्या तोंडी सांगण्यावर राहू नये.

याच्याही पुढची बाब अशी, की मेडिकेअर मिळाले तरी दीर्घकाळ लागणारी शुश्रूषा, म्हणजे अंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे, यांचा खर्च ते उचलत नाही. नाशिकमध्ये शुश्रूषेची माणसे पुरवणाऱ्या ब्युरोमधून बारा तासांची किंवा चोवीस तासांची बाई मिळते. ती दर दोन महिन्यांनी बदलते, कधी न सांगता गावी निघून जाते, पण पेन्शनीत परवडते. अमेरिकेत तेच काम तासाच्या डॉलरवर मोजले जाते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा तिथे शेवटी नोकरी करणाऱ्या मुलीच्या किंवा सुनेच्या अंगावर पडते, आणि हे 'कायमचे जायचे' ठरवताना तिला कोणी विचारलेले नसते.

पैशांचे थोडक्यात सांगते, कारण ही गाठ कागदोपत्री सुटते. कायमचे जाणाऱ्याची इथली बचत खाती एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाची रुपयांतली खाती, करून घ्यावी लागतात. एनआरओ ठेवींच्या व्याजावर 30 टक्के आणि वर अधिभार-उपकर असा टीडीएस कापला जातो, आणि निवासी ज्येष्ठ नागरिकांना व्याजावर मिळणारी प्राप्तिकराची खास सवलत अनिवासी झाल्यावर मिळत नाही. सिनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये अनिवासी भारतीयाला नवे खाते उघडता येत नाही. पीपीएफचे जुने खाते मुदतीपर्यंत चालते, पुढे वाढवता येत नाही. एनआरओ खात्यातून आर्थिक वर्षात 10 लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते, त्यामुळे पैसे अडकतील ही भीती बाळगू नये. तिकडच्या बाजूने मात्र एक गोष्ट लोकांना दचकवते. ग्रीन कार्डधारकाला जगभरातले उत्पन्न अमेरिकेच्या करविवरणात दाखवावे लागते, पीपीएफचे व्याजसुद्धा. परदेशी खात्यांतली एकूण रक्कम वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेली, तर एफबार नावाचे विवरण वेगळे भरावे लागते. दहा हजार डॉलर म्हणजे आपल्याकडे एखाद-दुसरी एफडी. निवृत्त जोडप्याची शिल्लक त्यावर असतेच.

पेन्शनरांना नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो, ही मोठी सोय झाली आहे. निफाड-दिंडोरीकडे शेती असणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे: पुढे अमेरिकेचे नागरिकत्व घेतले तर भारताचे जाते, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत देतो ते) मिळते, पण त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही; वारसाहक्काने आलेली मिळू शकते. मतदानाचा हक्कही उरत नाही.

बाकीच्या देशांची तऱ्हा निराळी आहे. कॅनडाच्या आई-वडिलांसाठीच्या सुपर व्हिसावर एका वेळी 5 वर्षांपर्यंत राहता येते, पण निदान 1 लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा दाखवावा लागतो. ऑस्ट्रेलियाच्या कायमच्या पालक व्हिसासाठी निम्मी तरी मुले तिथे असावी लागतात. पैसे भरून मिळणाऱ्या प्रकाराचे शुल्क माणशी 40,000 ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर आहे आणि बिनपैशाच्या रांगेत तर दशके जातात. ब्रिटनने 2012 पासून दार जवळजवळ बंदच केले आहे. मुले नसलेल्या देशात, थायलंड किंवा पोर्तुगालला, केवळ स्वस्त आणि छान म्हणून राहायला जाण्याची चर्चा आपल्याकडेही सुरू झाली आहे. थायलंड पन्नाशीपुढच्यांना बँकेत 8 लाख बाट ठेवल्यास निवृत्तीचा व्हिसा देते. हिंडण्याफिरण्याच्या वयात ते चांगलेच आहे, पण जिथे ना मुले, ना भाषा, ना गोतावळा, तिथे जोडीदार गेल्यावर एकटीने काय करायचे, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

आमच्या सोसायटीतल्या एक काकू नवऱ्याबरोबर मुलाकडे टेक्सासला गेल्या. जाताना इथला फ्लॅट विकला आणि ते पैसे मुलाच्या घरात घातले. काका असेपर्यंत सगळे ठीक होते, कारण दोघांना एकमेकांची सोबत होती. काका गेल्यावर काकूंच्या दिवसाला जे रूप आले ते असे: सकाळी साडेसातला मुलगा-सून बाहेर पडतात, नातू शाळेच्या बसने जातो, आणि संध्याकाळी सहापर्यंत त्या घरात एकट्या असतात. गाडी त्यांना कधी येत नव्हती. दुकान चालत जाण्याच्या अंतरावर नाही, रस्त्याला पदपथ नाही, बस नाही. त्या मला फोन करतात तेव्हा पावसाळ्यात पहिला प्रश्न असतो, "गंगापूर धरणातून पाणी किती सोडलंय? दुतोंड्या मारुतीला कुठवर लागलंय?" (गोदावरीतल्या या मूर्तीवरून आम्ही नाशिककर पुराचा अंदाज घेतो.) मुलगा-सून अतिशय चांगले आहेत, काकूंची एका शब्दाने तक्रार नाही. परत यायचे म्हटले तर मात्र इथे त्यांना स्वतःचे दार उरलेले नाही.

याउलट, मुलीच्या गावी भेटलेल्या पुण्याच्या एक आजी एकट्याच मुलाकडे असतात आणि खरोखर आनंदात आहेत. त्यांच्या मुलाचे घर स्टेशनजवळच्या इमारतीत आहे. वाण्याचे दुकान, ग्रंथालय, डॉक्टर, सगळे पायी. रविवारी मराठी शाळेत त्या मुलांना बाराखडी शिकवतात. दोन्हीकडची मुले तितकीच प्रेमळ आहेत. फरक पडला तो घराच्या जागेने. जो कोणी कायमचे जाण्याचा विचार करतो त्याला मी सांगते, की देश कोणता हे नंतर बघा, आधी मुलाचे घर कोणत्या गल्लीत आहे आणि तिथून आईला एकटीला पायी कुठवर जाता येते ते बघा. आणि हे बघायला उन्हाळ्यात जाऊ नका. जानेवारीत जा, मुलांनी रजा न घेता.

नाशिकची बाजू मांडताना हातचे राखून बोलणे मला मान्य नाही. आमच्या सोसायटीत अर्धे फ्लॅट कुलूपबंद आहेत, त्यामुळे इथेही एकटेपण आहेच. पदपथांवर गाड्या उभ्या असतात आणि पडल्याने मोडलेले खुबे मी जवळून पाहिले आहेत. तरीही मे महिन्यात गोदाघाटावरची वसंत व्याख्यानमाला, सार्वजनिक वाचनालय, कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवरचा सकाळचा कट्टा, नावाने ओळखणारा औषधवाला, रिक्षाने दहा मिनिटांत गाठता येणारा डॉक्टर, यांच्या जोरावर बाई एकटी असली तरी स्वतःच्या पायांवर हिंडू शकते. ऐंशीव्या वर्षी कोणाला न विचारता घराबाहेर पडता येणे ही माझ्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे.

आम्ही दोघांनी मुलीला समोर बसवून काही गोष्टी ठरवल्या आहेत. फ्लॅट विकायचा नाही आणि तो दोघांच्या नावावर राहील. प्रत्येक खात्याला नॉमिनी आहे, मृत्युपत्र झाले आहे. मुलगी इथल्या कामांसाठी मुखत्यारपत्र तिकडून करून पाठवणार असेल, तर ते भारतीय वकिलातीत साक्षांकित होऊन इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, हे तिला सांगून ठेवले आहे. ग्रीन कार्डासाठी सध्या अर्ज करायचा नाही. व्हिजिटर म्हणून जायचे आणि मुदतीच्या आत परतायचे. यजमान मागे राहिले तर त्यांनी मुलीकडे जावे असे माझे मत आहे, कारण ते स्वतः चहापलीकडे स्वयंपाक करत नाहीत आणि ग्रंथालय जवळ असले की त्यांना बाकी फारसे लागत नाही. मी मागे राहिले तर इथेच राहीन, आणि अंथरुणाला खिळले तर त्या वेळी मुलीने ठरवावे. यातल्या शेवटच्या वाक्यावर मुलगी अजून राजी नाही. आईने आत्ताच ठरवून द्यावे, नंतर ते ओझे माझ्यावर टाकू नये, असे तिचे म्हणणे आहे आणि ते मला पटते. दिवाळीत ती येणार आहे, तेव्हा तेवढे एक कलम पुन्हा लिहून काढायचे ठरले आहे.