समुद्राकडे पाठ करून जेवावे

ग्रीसच्या बेटांवर जेवायचे कुठे, असे कोणी मला विचारले की मी आधी उलट विचारते, ‘सोबत कोण आहे?’ माझे माहेर मालवणचे असल्यामुळे एकटी असते तर बंदरावरचे कोणतेही टेबल मला चालले असते. पण या प्रवासात सासूबाई आमच्यासोबत होत्या. त्या जन्मभर शाकाहारी, त्यातून ऑगस्टचा पहिला पंधरवडा आणि त्यांचा श्रावण. कांदा-लसणाची सूट मात्र परदेशापुरती त्यांनी स्वतःच घेतली होती, त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

सँटोरिनी आम्ही लवकर उरकले. तिथल्या इया गावात सूर्यास्त दिसणाऱ्या टेबलासाठी माणशी किमान खर्चाची अट होती आणि ती मान्य करून बसल्यावर सासूबाईंसमोर जे आले ते काकडी, टोमॅटो आणि चीजचा मोठा तुकडा एवढेच होते. न मागता आलेल्या पावाचे पैसे बिलात वेगळे लावलेले होते. तशी तिथे सर्रास पद्धत आहे, तरीही मला ते खटकलेच. त्या बेटाची ज्वालामुखीच्या मातीत पिकणारी पिवळी फावा डाळ, वर ऑलिव्हचे तेल, कच्चा कांदा आणि केपर नावाच्या खारवलेल्या कळ्या घालून, फार सुरेख लागते. पण ती आम्हाला मिळाली दुसऱ्या दिवशी, समुद्र अजिबात न दिसणाऱ्या एका मागच्या गल्लीत. तेव्हाच माझ्या मनात शंका आली की इथे देखावा आणि स्वयंपाक यांचे फारसे पटत नसावे.

नाक्सोसला ही शंका पक्की झाली. सिक्लाडीझ द्वीपसमूहातले हे सर्वांत मोठे बेट आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे इथे शेती आहे: बटाटे, भाज्या, गाईगुरे, आणि ग्राविएरा नावाचे नामांकित चीज. होरा या मुख्य गावाच्या बंदरावर मात्र ओळीने तीच ती उपाहारगृहे, तीच ती फोटो लावलेली मेनूकार्डे आणि दारात उभे राहून हाका मारणारी माणसे. ऑगस्टमध्ये मेल्तेमी हा उत्तरेचा वारा असा सुटतो की टेबलावरचे कागदी आच्छादन चिमट्यांनी जखडून ठेवावे लागते. मासे किलोच्या भावाने असतात, तेव्हा निवडलेला मासा आपल्यासमोर वजन करून घ्यावा आणि आकडा ऐकूनच होकार द्यावा. मी तसे केले. मासा ताजा होता, उत्तम भाजलेला होता, आणि त्यावर लिंबू व तेल यांखेरीज काहीही नव्हते. आमच्या ह्यांच्या मते खरा मासा असाच खावा. माझे मत निराळे आहे आणि ते बदलण्याची शक्यता नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बसने डोंगरातल्या हाल्की गावी गेलो. चौकाजवळच्या एका साध्या खानावळीत सासूबाईंना मांस, मासे, अंडी चालत नाहीत हे मी समजावून सांगू लागले, तर मालकीणबाईंनी मला मध्येच थांबवले, सासूबाईंचा हात धरला आणि त्यांना सरळ स्वयंपाकघरात नेले. ओट्यावर सकाळीच शिजवून ठेवलेले मोठमोठे ट्रे होते: भात आणि पुदिना भरून भाजलेले टोमॅटो व ढोबळी मिरच्या, टोमॅटोत मुरलेल्या फरसबीच्या शेंगा, पांढरे टपोरे वाल, वांगी-बटाट्यांची ब्रियाम नावाची भाजलेली मिश्र भाजी. बाई एकेका ट्रेवर बोट ठेवून ‘नीस्तीसिमो’ म्हणत आणि मान डोलावत. म्हणजे उपवासाचे. १५ ऑगस्टच्या, येशूची आई मरियम हिच्या सणाआधी, १ ते १४ ऑगस्ट, तिकडची ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मंडळी उपवास धरतात. मांस, मासे, अंडी, दूध सारे वर्ज्य, आणि कडक पाळणारे तर बहुतेक दिवशी तेलही सोडतात. सासूबाईंच्या श्रावणाचे जे पथ्य परदेशात एरवी कोणालाही पटवून द्यावे लागते, ते इथे एका शब्दात समजले होते. (ऑक्टोपस आणि माकूल मात्र या उपवासाला चालतात, कारण त्यांना रक्त नसते असे परंपरा मानते. मालवणात ही सवलत कोणी कशी काढली नाही, याचे मला आश्चर्य वाटते.)

सासूबाईंनी चार ट्रेंकडे बोट दाखवले. त्यांची तक्रार एकच होती, की अन्न कोमट आहे. तेलात शिजवलेल्या या भाज्या तिकडे कोमटच खातात. गरम करून द्या म्हटल्यावर बाईंना ते पटले नाही, पण त्यांनी दिले. शेवटी न मागता एका काचेच्या बशीत पाकातल्या फळाची हिरवट फोड आणि सोबत थंड पाणी आले, आणि त्याचे पैसे बिलात नव्हते. फळ कोणते म्हणून विचारले, तर बाईंनी बाहेरून एक जाड सालीचे, खडबडीत, पिवळे फळ आणून टेबलावर ठेवले. सासूबाईंनी ते उचलून वास घेतला आणि म्हणाल्या, ‘अगं, हे तर महाळुंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातलं.’ याच झाडाच्या पानांपासून हाल्कीत कित्रोन नावाचे मद्य गाळतात. तिथली एक भट्टी १८९६ पासून चालू आहे. ही माहिती मी त्यांना सांगितली नाही. त्या ते फळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि शेजारच्या खुर्चीत बसलेल्या बाई ग्रीकमध्ये, या मराठीत, असे दोघींचे बराच वेळ चालले होते.

त्यानंतर आम्ही पोहणे सकाळी आणि जेवण दुपारी एक ते तीनच्या दरम्यान डोंगराकडच्या गावांत, असाच क्रम ठेवला. फिलोती, आपीरान्थोस, पुन्हा हाल्की. रात्री उशिरा गेल्यास ट्रे संपलेले असतात आणि उरते ती शेगडीवरची मांसाची यादी. समुद्रकिनाऱ्यावरच्या संध्याकाळी आम्ही बेकरीतून आणलेल्या पालकाच्या खुसखुशीत पाटिसांवर काढल्या आणि टेबलाचे भाडे वाचवले. त्यातही चीज नसलेले पाटीस उपवासामुळे मिळत होते. १५ तारखेला मात्र फिलोतीला देवळाचा उत्सव, व्हायोलिन, नाच आणि सगळीकडे भाजलेल्या मांसाचा धूर. आमच्या हाल्कीच्या खानावळीतही त्या दिवशी भाज्यांचा एकच ट्रे उरला होता. बाईंनी त्यातली मोठी वाढणी आधीच झाकून बाजूला ठेवली होती, आणि या वेळी ती न सांगता गरम करून आणली.