बोगद्यात हुशार, बर्फात ढिम्म

नाशिकहून मामांचा व्हिडिओ कॉल आला की पहिला प्रश्न ठरलेला: "काय गं, तुझी गाडी आपली आपण चालते का?"

चालते मामा, पण तिची मर्जी असेल तेव्हा.

आम्ही ऑस्लोत राहतो. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या, त्यामुळे आमचीही इलेक्ट्रिक आहे याचं इथे कुणाला कौतुक नाही. आम्हाला कौतुक होतं ते ती आपली आपण चालण्याचं. गाडी घेताना तासभर विक्रेत्याचं डोकं खाल्लं: लेन कशी धरते, पुढची गाडी थांबली की आपोआप कशी थांबते. त्या हौसेचे जास्तीचे पैसेही मोजले. चार्जिंगबद्दल अवाक्षर विचारलं नाही.

ईस्टरच्या सुट्टीत पश्चिम नॉर्वेतल्या आउरलांडला निघालो. या दिवसांत अर्धं ऑस्लो डोंगरातल्या आपापल्या लाकडी घरांकडे पळतं, आणि गोल या गावी चार्जरसमोर रांग लागते. तिला इथे 'लादेशो' असा खास शब्दच आहे. लोक गाडीत बसून संत्री सोलतात, क्विक लुन्श नावाचं चॉकलेट खातात. ईस्टरची प्रथाच आहे ती. आम्ही चकल्या काढल्या.

पाऊण तासाने नंबर लागला, तर चार्जरला ॲप हवं. नवऱ्याच्या फोनमध्ये सात ॲप आहेत, हे आठवं! २०२३ पासून नव्या स्टेशनांवर कार्ड चालायलाच हवं असा नियम आहे, पण हे खोकं त्याआधीचं. पासवर्ड, ओटीपी वगैरे सोपस्कार उरकून वीज सुरू झाली, तर चार्जरवर १५० किलोवॅट लिहिलेलं आणि मिळत होते जेमतेम ४०. चूक आमचीच. थंडीत बॅटरी गारठलेली असते. नकाशात चार्जरचं ठिकाण टाकलं, तर गाडी वाटेतच ती गरम करून घेते. आम्ही थेट आउरलांड टाकलं होतं. त्यात बॅटरी ८० टक्के भरल्यावर चार्जिंगचा वेग आणखी पडतो, तरी अडून बसणाऱ्याकडे मागचे लोक ज्या नजरेने बघतात ती दादर स्टेशनवर दार अडवणाऱ्याने अनुभवलेली असेल. निमूट निघालो.

हेमसेदाल गावाच्या वर बर्फ सुरू झाला. लेनच्या रेषा गेल्या, पुढच्या सेन्सरवर थर साचला, आणि गाडीने एक टिंग करून हात वर केले. बर्फात रस्ता कळावा म्हणून इथे कडेला उंच काठ्या रोवतात. त्या बघत बघत घाट मीच पार केला, खांदे कानांपर्यंत नेऊन.

मग लेर्दालचा बोगदा आला. २४.५ किलोमीटर! चालकाला गुंगी येऊ नये म्हणून आत निळ्या उजेडाच्या तीन मोठ्या गुहा केल्या आहेत. ना बर्फ, ना वारा, रेषा लख्ख. गाडीचा जीव भांड्यात पडला असावा. अशी सरळ चालली की बास. नवऱ्याने मामांसाठी व्हिडिओ सुरू केला, मी ऐटीत हात सोडले. काही सेकंदांत गाडी ओरडली: स्टिअरिंग धरा. सोडलं, ओरडली, धरलं. असं पार तिसऱ्या गुहेपर्यंत.

संध्याकाळी मामांचं उत्तर आलं: "अगं, ही तर बाळूकाकांसारखी आहे. शेजारी बसून नुसती ओरडतेय."