शेवंडीचे पैसे वेगळे

आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या डिसेंबरात पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. लेकीने विचारलं, "आजी, तुला काय हवंय?" साडी, पाटल्या, काही नको. म्हणाल्या, "माका एकदा बोटीन जावचा आसा."

त्यांच्या डोळ्यांपुढची बोट वेगळी होती. लग्नानंतर सासरे मुंबईत गिरणीत होते. आई मालवणहून भाऊच्या धक्क्यापर्यंत बोटीने जायच्या. बोट बंदराला लागायची नाही, बाहेर खोल पाण्यात उभी राहायची. पडावातून, म्हणजे लहान होडीतून, तिच्यापर्यंत जायचं आणि हलत्या शिडीवरून वर चढायचं. कडेवर माझी मोठी नणंद, हातात वळकटी, आणि फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या व भाजलेला सुका बांगडा. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे चार महिने माहेर-सासर सगळं जिथल्या तिथे. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली, पण तिच्या आधीच त्या बोटी थांबल्या होत्या. आईंनी त्यानंतर समुद्र पाहिला तो आमच्या मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावरूनच.

तेव्हा डोंबिवलीच्या भाच्याने मुंबई-गोवा-मुंबई अशी क्रूझ बुक केली. हे, मी, आई आणि लेक, असे चौघं. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. जे आमच्या बाबतीत झालं ती रीत एका जहाजाची नाही, जगभरच्या क्रूझवर थोड्याफार फरकाने ती आहे. म्हणूनच लिहायला बसले.

बॅलार्ड पियरला सामान दिलं, फोटो काढले, आणि प्रत्येकाच्या हातात एक प्लॅस्टिकचं कार्ड आलं. खोलीची किल्ली तीच, पैशाचं पाकीटही तेच. जहाजावर रोख चालत नाही. ह्यांचं क्रेडिट कार्ड काउंटरवर जोडून घेतलं आणि तिथून पुढे दोन दिवस आम्ही एकही नोट हातात धरली नाही. हे मी मुद्दाम सांगते. माझी मालवणात घरगुती खानावळ आहे, बारा वर्षं झाली. पाकिटातून शंभराची नोट काढताना गिऱ्हाईक एकदा थांबतं. कार्ड दाखवताना थांबत नाही.

तिकिटात जेवण धरलेलं असतं, हे खरं. मोठा भोजनकक्ष आणि बुफे, दोन्हीचे पैसे आधीच भरलेले असतात आणि तिथलं जेवण चांगलं होतं. पण त्याशिवाय वरच्या मजल्यांवर खास रेस्टॉरंटं असतात. मंद दिवे, कापडी रुमाल, खिडकीतून समुद्र. त्यांचे पैसे तिकिटाबाहेर. काही ठिकाणी माणशी ठराविक रक्कम घेतात, तिला कव्हर चार्ज म्हणतात. काही ठिकाणी पदार्थागणिक घेतात. तिकीट स्वस्त ठेवायचं आणि दारू, स्पा, वायफाय, किनाऱ्यावरच्या सहली, खास जेवण यांतून कमाई करायची, असा हा धंदा आहे. त्यात मला वावगं वाटत नाही. धंदा कुणाला करायचा नसतो?

आईंचा वाढदिवस म्हणून आम्ही त्या खास ठिकाणी टेबल घेतलं. खोलीतल्या फोनवरून विचारलं, तर माणशी १,८०० रुपये सांगितले. चौघांचे ७,२००. माझ्या खानावळीत त्यात पंधरा-वीस माणसं सुरमईचं ताट जेवून उठतात, पण वाढदिवस एकदाच येतो. हे म्हणाले, "होऊ दे." मीही मान डोलावली. मनात हिशोब पक्का झाला: सात हजार दोनशे, फार तर वर थोडा कर.

आईंनी हिरवी इरकल नेसली होती. पाणी ओतायला आलेला मुलगा देवगडचा निघाला. "आजी, तुमी मालवणच्या? मी देवगडचो," म्हटल्यावर आईंचा चेहरा असा खुलला की जेवण तिथेच वसूल झालं असं मला वाटलं. त्याने त्यांना खिडकीकडे बसवलं. म्हणाला, रात्री किनाऱ्यावरचे दिवे दिसले तर मी सांगीन.

मग वरिष्ठ वेटर आला. अदबीने वाकून म्हणाला, आज शेफनी शेवंड केली आहे, आजींसाठी आणू का? आई कोळ्यांच्या वाड्यात वाढलेल्या. शेवंड, म्हणजे लॉबस्टर, त्यांनी लहानपणी मनसोक्त खाल्लेली, आणि आता ती किनाऱ्यावर आली की थेट हॉटेलांकडे आणि व्यापाऱ्यांकडे जाते, घरात क्वचित येते. त्यांनी विचारलं, "शेवंड? बोटीर?" आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आणा की. लेक म्हणाली, मलाही. दोन आल्या. लोण्यात भाजलेल्या, वर लिंबू. आईंना त्यात मसाला हवा होता, पण त्यांनी पाय चोखून चोखून खाल्ले. देवगडच्या मुलाने त्यांना वेगळं वाडगं आणून दिलं, कवचं टाकायला.

त्याआधी पाण्याचं विचारलं होतं. साधं की बुडबुड्यांचं? साधं म्हटलं, काचेच्या दोन बाटल्या आल्या, टेबलावरच उघडल्या. शेवटी कॉफी घेणार का? तिघांनी घेतली.

बिल कातडी पाकिटात आलं. दिवा मंद, ह्यांचा चष्मा खोलीवर. खाली दोन रेघा होत्या, एकीवर सही करायची आणि दुसरीपुढे टिप लिहिलेलं. देवगडच्या पोराकडे बघून ह्यांनी ५०० लिहिले आणि सही केली. आकडा खोलीत गेल्यावर लेकीने टीव्हीवर काढला. आमचं खातं तिथे दिसत होतं.

कव्हर ७,२००. शेवंड, सप्लिमेंट म्हणजे जादा आकार, १,५०० प्रमाणे दोन, ३,०००. पाणी दोन बाटल्या, ७००. कॉफी तीन, ७५०. झाले ११,६५०. त्यावर १५ टक्के सर्व्हिस चार्ज. त्या सगळ्यावर कर. एकूण १५,८०९, आणि ह्यांनी लिहिलेले पाचशे वेगळे. म्हणजे सर्व्हिसचे पैसे आम्ही दोनदा दिले, एकदा छापलेले आणि एकदा हाताने लिहिलेले.

मी मेनूचा फोटो काढला होता, आईंसोबतचा. तो मोठा करून पाहिला. शेवंडीच्या नावापुढे बारीक तारा होता. पानाच्या तळाशी, त्याहून बारीक अक्षरांत, तारांकित पदार्थांना जादा आकार पडेल असं लिहिलेलं. किती, ते त्या पानावर नव्हतंच. आणि शेवंड आम्ही मेनूतून मागवलीच कुठे? ती तोंडाने विचारली गेली, किमतीशिवाय, एका म्हातारीला, तिच्या वाढदिवशी.

मला राग आला तो इथे. अठराशे रुपये सांगितल्यावर माणूस असं समजतो की ताटाचे पैसे झाले. पुढे समोर येईल ते त्यातलंच. या समजुतीवरच बाकीचं सगळं उभं असतं. जगभरच्या क्रूझवर कव्हर भरलेल्या जेवणातही लॉबस्टर, काही महागडे मांसाचे तुकडे यांना वेगळे पैसे पडतात. काही जहाजांवर स्वतःची वाइन नेली तर ती उघडायचेही पैसे असतात, आणि आरक्षण करून गेला नाहीत तरी दंड लागतो. मला हे आता माहीत झालं. नियम लिहिलेला असतो, पण ज्या क्षणी माणूस "हो" म्हणतो त्या क्षणी तो त्याच्या डोळ्यांसमोर नसतो.

माझ्याकडून असं एकदा झालेलं आहे, तेही सांगते. खानावळीचं पहिलं वर्ष. कोल्हापूरचं कुटुंब होतं, बारकी दोन पोरं. वडे संपले की मी आणखी वाढत होते, सोलकढीही. पाटीवर फक्त ताटाचा भाव होता. बिलात मी जादा वड्यांचे आणि कढीचे पैसे धरले, कारण धरायलाच हवेत असं तेव्हा मला वाटत होतं. वडील काही बोलले नाहीत. पैसे दिले, पण पोरांच्या रिकाम्या ताटांकडे ज्या नजरेने त्यांनी पाहिलं, ती मी विसरलेले नाही. त्याच संध्याकाळी पाटी रंगवून घेतली. जादा वडा किती, लिहिलं. सोलकढी दुसऱ्यांदा मोफत, तेही लिहिलं. शेवंड कुणी मागितली तर ती गिऱ्हाईकासमोर काट्यावर ठेवते, आजचा भाव सांगते, मसाल्याचे आणि करणावळीचे किती ते सांगते, आणि मग विचारते, करू? निम्मी माणसं नको म्हणतात आणि बांगडा खातात. चालतं.

सकाळी सहाला मी गेस्ट रिलेशन्सच्या काउंटरवर गेले. ओरडले नाही. फोटो दाखवला आणि विचारलं, सप्लिमेंटची रक्कम आम्हाला कुणी सांगितली? काउंटरवरची मुलगी सभ्य होती, तिने धोरण वाचून दाखवलं. मी म्हटलं, आपल्या देशात ४ जुलै २०२२ ला ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढल्या, हॉटेलांनी आणि रेस्टॉरंटांनी सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावू नये म्हणून, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्या कायम ठेवल्या. खानावळवाली आहे, मला हे ठाऊक असतं. ती म्हणाली, मॅनेजरशी बोलते, तुम्हाला सर्व्हिस चार्ज काढून हवा का?

मी गप्प झाले. रात्री देवगडच्या मुलाला लेकीने विचारलं होतं, हे पैसे तुम्हाला मिळतात ना? तो म्हणाला होता, सगळे एका ठिकाणी जमतात आणि मग वाटले जातात. महिनेच्या महिने घराबाहेर राहून तो पोरगा ताटं उचलतो. त्याच्या वाट्यातून पैसे काढून घ्यायला माझा हात धजेना. सर्व्हिस चार्ज ठेवा म्हटलं. शेवंडीचं आणि पाण्याचं बघा. पाण्याचे ७०० परत मिळाले, साधं पाणी मागितल्यावर विकतचं आणलं हे त्यांनी मान्य केलं. शेवंडीचे नाहीत. खाल्ली होती, असं उत्तर आलं.

तुम्ही जाणार असाल तर एवढं करा. टेबल घेताना "माणशी किती" एवढ्यावर थांबू नका. "यात काय काय येत नाही?" असं उलट विचारा. वेटरने तोंडाने काही सुचवलं की तिथल्या तिथे विचारा, हे धरलेल्या पैशात आहे का? साधं पाणी म्हणजे पाण्याच्या जगमधलं, बाटलीचं नव्हे, असं स्पष्ट सांगा. सही करायच्या आधी चष्मा लावा आणि सर्व्हिस चार्ज आधीच लावलाय का ते बघून मगच टिपच्या रेघेवर काही लिहा. खोलीतल्या टीव्हीवर खातं रोज रात्री उघडा. शेवटच्या सकाळी उतरायच्या रांगेत उभं राहून भांडता येत नाही. जमिनीवरच्या हॉटेलात असं झालं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. विचारताना लाज वाटते, हे मला ठाऊक आहे. त्या मंद दिव्यांत, त्या पांढऱ्या रुमालांसमोर, पैशाचं विचारणारा माणूस हलका ठरतो असं वाटतं. मी रोज लोकांना जेवू घालते. ज्याने भाव विचारला त्याला मी कधी हलकं समजले नाही.

आईंना यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. परतीच्या रात्री त्या डेकवर शाल गुंडाळून बसल्या होत्या. देवगडचा पोरगा खरोखरच येऊन सांगून गेला, आता आपण तुमच्याकडून जातोय. लांब दिव्यांची एक बारीक ओळ होती. मालवण की दुसरं काही, मला सांगता आलं नसतं, पण आईंनी हात जोडले. पडावाची, शिडीची, नणंदेच्या रडण्याची गोष्ट लेकीला पुन्हा सांगितली.

घरी आल्यावर मात्र लेकीच्या तोंडून निघून गेलं. आई त्यावर काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात एकटी असताना आल्या आणि माझ्या हातात घडी घातलेल्या नोटा कोंबल्या. तीन हजार. त्यांच्या पेन्शनचे. म्हणाल्या, "माझ्यामुळा झाला गो. मी शेवंड मागलंय." मी म्हटलं, तुम्ही मागितली नव्हती, त्याने विचारलं होतं. नोटा परत त्यांच्या बटव्यात घातल्या. त्यांनी पुन्हा काढल्या नाहीत, पण पटलंही नाही.

फेब्रुवारीत एका ओळखीच्याने दांडीवर एक शेवंड ठेवली आमच्यासाठी. आईंना हवा तसा मसाला घालून केली, ओला नारळ वाटून, वर कोकम. ताट समोर ठेवलं. त्या ताटाकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "कितक्याक हाडलंस?" मी आकडा सांगितला. अर्धी त्यांनी नातीच्या ताटात काढून ठेवली.