निफाडच्या आप्पांबरोबर मोझेल आणि वाखाउ

माझे काका, आप्पा, यांची निफाडला द्राक्षबाग आहे. त्यामुळे सप्टेंबरअखेर जर्मनीत कोब्लेन्झहून ट्रियरकडे जाणाऱ्या साध्या गाडीतून मोझेल नदीकाठचे द्राक्षबागांचे उभे डोंगर दिसले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न वाइनचा नव्हताच. "अरे, इथं ट्रॅक्टर चढतो कसा?"

चढत नाही. ब्रेम गावाजवळच्या कालमोंटचा उतार काही ठिकाणी ६५ अंशांपर्यंत जातो. छाटणी, तोडणी सगळी हातानं. माणसं आणि माल वर-खाली न्यायला एका रुळावरची छोटी गाडी. एवढा खटाटोप कशासाठी, ते वर गेल्यावर कळलं. आपल्याकडं घड उन्हानं भाजू नयेत म्हणून पानांची सावली राखतात. इथं, ५० अक्षांशाच्या आसपास, ऊन गोळाच करावं लागतं. दक्षिणेकडं तोंड असलेला उतार ते अंगावर घेतो आणि स्लेटचा दगड दिवसभर तापून रात्री ऊब सोडतो. संध्याकाळी आप्पांनी एक चीप उचलून माझ्या हातावर ठेवली. "बघ, अजून कोमट आहे."

कालमोंटवरची पायवाट एडिगर-एलर स्टेशनवरून धरता येते. मध्ये शिड्या आणि लोखंडी दोर आहेत; पावसात जाऊ नका आणि बूट चांगले घाला.

मोझेलची राणी म्हणजे रीसलिंग ही द्राक्षाची जात. उशिरा पिकते, पण आंबटपणा सोडत नाही. आमची फसगत झाली ती लेबलवर. श्पेटलेझ म्हणजे गोड, असं धरून बाटली घेतली आणि ती ठणठणीत कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली निघाली. काबिनेट, श्पेटलेझ, आउसलेझ हे शब्द तोडणीच्या वेळी रसात साखर किती होती ते सांगतात, बाटलीत किती उरली ते नाही. आप्पांना हे चटकन उमगलं. त्यांचा सगळा हंगाम ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजण्यात जातो. ‘ट्रोकन’ लिहिलं असेल तर कोरडी. लिहिलं नसेल तर अल्कोहोलचा आकडा बघा: ८-९ टक्के म्हणजे साखर पूर्ण आंबलेली नाही, वाइन गोडसर, १२च्या पुढं बहुधा कोरडी. तिखट जेवणाबरोबर मला ती ८ टक्केवालीच आवडली.

या दिवसांत फेडरवाइसर मिळते, अजून आंबत असलेली, गढूळ वाइन. कांद्याच्या पायबरोबर घ्याच. पण तिचं झाकण मुद्दाम सैल असतं, वायू बाहेर पडावा म्हणून. मी बाटली पिशवीत आडवी ठेवली. दोन शर्ट आणि नकाशा गेला.

बेर्नकास्टेल-कूसला रेल्वे नाही. विटलिखला उतरून बस घ्या आणि परतीची शेवटची बस आधीच बघून ठेवा.

पुढं ऑस्ट्रिया. व्हिएन्नाच्या फ्रान्झ-योसेफ स्थानकावरून क्रेम्स साधारण तासाभरावर. तिथून डॅन्यूबच्या काठानं बसनं ड्युर्नश्टाइन, वाइसनकिर्शन, श्पिट्झ. हेच वाखाउ खोरं. दगडावर दगड रचलेल्या ताली बघून आप्पा खूश झाले, कोकणातल्यासारख्याच, म्हणाले. इथली मुख्य जात ग्र्यूनर फेल्टलिनर, पांढऱ्या मिऱ्याची चव असलेली. वाखाउची स्वतःची वर्गवारी आहे: श्टाइनफेडर हलकी, फेडरश्पील मधली, स्मारागड सगळ्यात भारदस्त. दुपारच्या उन्हात फेडरश्पीलच बरी.

दारावर हिरवी डहाळी टांगलेली दिसली की खुशाल आत जा. तो हॉयरिगर, म्हणजे बागायतदारानंच घरची वाइन विकायची जागा. सम्राट योसेफ दुसरा याने १७८४ साली दिलेल्या परवानगीपासूनची ही रीत. ‘आख्टल’ मागितलं की लिटरचा आठवा भाग मिळतो, म्हणजे एका बैठकीत तीन-चार जाती चाखून होतात. कुठला हॉयरिगर कधी उघडा, याची पाळी असते. राहत्या घरी विचारून निघा. रोख पैसे ठेवा.

भारतात येताना माणशी २ लिटर दारू शुल्काविना आणता येते. म्हणजे ७५० मिलीच्या दोनच बाटल्या. तिसरीवर शुल्क लागतं. आप्पांनी दोन्ही काबिनेट घेतल्या.