नवापूरचा नाताळ आणि काकूचं खापर

या नाताळात मांडे, म्हणजे मातीच्या खापरावरच्या पुरणपोळ्या, होणार नाहीत, हे मला चोवीस तारखेला दुपारी कळलं. नवापूरच्या घराच्या पायरीवर चपला काढत होते, तेवढ्यात वहिनी आतून म्हणाली, "ताई, उद्याचं जेवण बाहेरून सांगितलंय. पंचवीस माणसांचं." एक चप्पल पायात, एक हातात, अशीच मी उभी राहिले. "आणि मांडे?"

"ते आता कोण करणार? आईंचा खांदा धरलाय." आई म्हणजे तिच्या सासूबाई, माझी काकू.

मला वाईट वाटलं आणि रागही आला, आणि तो राग मी लपवला नाही. पुण्याहून रात्रभर प्रवास करून भुसावळ, तिथून एक्याऐंशी वर्षांच्या पप्पांना आणि लेकीला घेऊन सुरतच्या पॅसेंजरनं इथवर. वर्षातून दोनच दिवस येतो आपण या घरी, आणि तेही हॉटेलचं पनीर खायला? हे मी बोलून गेले. वहिनी काही न बोलता आत निघून गेली. ते आजही मला लागून राहिलंय.

भुसावळ ते नवापूर हा प्रवास आमच्या घरात नाताळाचाच भाग आहे. पप्पा रेल्वेत होते, आम्ही भुसावळच्या क्वार्टरमध्ये वाढलो. पण डिसेंबरची सुट्टी लागली की आजीकडे नवापूरला. गाडी सुटली की पहिल्या काही मिनिटांत भादली येतं. पप्पा दरवर्षी खिडकीकडे बोट करत: "इथं बालकवी गेले. ५ मे १९१८, रेल्वेखाली. अठ्ठावीस वर्षंही पुरी झाली नव्हती." मग जळगाव, आणि त्यापुढे धरणगाव आलं की, "हे त्यांचं जन्मगाव." आधी मरण्याचं गाव आणि मग जन्माचं, या क्रमाचं मला लहानपणी फार नवल वाटायचं. पुढचं वाक्यही ठरलेलं: हे बालकवी नगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी राहिले होते, आणि त्याच टिळकांची भजनं आपण उद्या पहाटे गाणार आहोत. यंदा भादली आलं तेव्हा पप्पा मफलर गुंडाळून झोपले होते. माझ्या लेकीनं त्यांना उठवलं नाही. हळूच खिडकीकडे बोट करून तिनंच सगळं म्हटलं, तारखेसकट. मी बाहेर कापसाच्या शेतांकडे बघत बसले.

नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. १ मे १९६०ला राज्यं वेगळी झाली आणि सीमा फलाटावरून गेली. तिथला एक बाक दोन्ही राज्यांत आहे. आमचे लहानपणचे सगळे फोटो त्या बाकावरचे. भाऊ गुजरातेत आणि मी महाराष्ट्रात. यंदाही काढला. पप्पा बरोबर मध्ये बसले.

पूर्वीच्या नाताळातलं काय काय गेलं, त्याचा हिशेब मी त्या दुपारी अंगणात बसून मनातल्या मनात मांडला. कागदाचा तारा गेला. बांबूच्या कामट्या सुतळीनं बांधायच्या, खळ लावून घोटीव कागद चिकटवायचा आणि आत चाळीसचा बल्ब. आता दारावर लुकलुकणारा प्लास्टिकचा तारा आहे. बेकरी गेली. रवा, मैदा, साखर, तूप डब्यात भरून आजी आम्हाला बेकरीत बसवायची, कारण लक्ष ठेवलं नाही तर तूप बदलतात असं तिचं ठाम मत. संध्याकाळी पत्र्याचे डबे भरून नानकटाई घरी यायची. नाताळाची कार्डं गेली. १ जुलै १९९८ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तरी पप्पा पुढची कित्येक वर्षं कार्डावर 'जि. धुळे' लिहायचे आणि कार्ड बिनचूक पोचायचं.

कोंबडी गेली, त्याला मात्र कारण होतं. फेब्रुवारी २००६मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापुरातच निघाला. गावाभोवती पोल्ट्र्याच पोल्ट्र्या. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. त्या वर्षीच्या नाताळात आमच्या घरी कोंबडी शिजली नाही, काळ्या मसाल्यातलं मटण झालं. भीती ओसरली, पण मटण राहिलं. आज कुणी पोरगं विचारतं तर उत्तर मिळतं, नाताळाला आपल्यात मटणच असतं.

पहाटेची फेरीही गेली. पंचवीसला पहाटे चार वाजता ढोलकी, टाळ, पेटी घेऊन मंडळी निघायची. थंडीनं ढोलकीचं कातडं सैल पडायचं, मग आमच्या अंगणातल्या शेकोटीवर ते तापवायचं. आजी गुळाचा चहा आणि शेव द्यायची. आता चोवीसला संध्याकाळी आठ वाजता पिकअपवर स्पीकर बांधून फेरी येते. मला तो आवाज सोसत नाही, हे मी भावाला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, आपल्या मंडळीतली निम्मी माणसं ऊसतोडीला बारडोलीकडे असतात. दोन दिवसांसाठी येतात, काही तर आज मध्यरात्री उतरतील. त्यांना पहाटे चारला कसं उठवायचं?" मला उत्तर सुचलं नाही. पण कानठळ्या बसतात त्या बसतातच. आवाज कमी ठेवायला कुणाची हरकत नसावी.

आणि आता मांडे.

काकू मागच्या ओट्यावर उन्हाला बसली होती, खांद्याला पंचा बांधून. ती अमळनेरकडची, पन्नास वर्षं इथं काढली तरी तिची अहिराणी जराही हललेली नाही. "बठ वं, पह्यले च्या पी ले," म्हणाली. मी तिच्यापाशी सगळं ओकले. हे बंद झालं, ते बंद झालं, आता मांडेही गेले, मग आपल्या घरचा नाताळ राहिला कुठं?

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मी लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या घरात मांडे नव्हतेच."

मी बघतच राहिले. मला वाटायचं, मांडे म्हणजे आजीच्याही आजीपासून. काकूनं सांगितलं ते असं: तिच्या पहिल्या नाताळाला या घरात भात, डाळ, कोंबडी आणि नानकटाई. माहेरी कुठलाही मोठा दिवस खापराच्या पुरणपोळीशिवाय नसायचा, म्हणून दुसऱ्या वर्षी ती अमळनेरच्या बाजारातून खापर घेऊन आली. पॅसेंजरमध्ये, टोपलीत गवत घालून, मांडीवर. आजी तिच्याशी दोन दिवस बोलली नाही. ही कसली नवी थेरं, नाताळाला पुरण कुणी करतं का! मग पप्पांनी चार मांडे दुधात कुस्करून खाल्ले आणि पाचवा मागितला. तिसऱ्या वर्षी आजीनंच डाळ निवडून ठेवली होती.

"मना खांदा आते चालत नही," काकू म्हणाली. "नहीतर केले असते."

ओट्याच्या कडेला माझा भाचा मोबाइल घेऊन बसला होता. अकरावीला आहे, उंच, हात लांबलचक, दिवसभर क्रिकेट. त्यानं मान वर केली. "आजी, खापर कुठंय?"

माळ्यावर, गोणपाटात होतं.

पुढचे चार तास मी कधी विसरणार नाही. वहिनीनं काही न बोलता डाळ शिजत घातली. मी तिच्याजवळ जाऊन पुरण वाटायला बसले आणि दुपारच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, "ताई, वर्षभर मीच असते इथं." एवढंच. त्यात सगळं आलं. पुरण संपेपर्यंत आम्ही दोघी वाटत राहिलो.

काकूनं वस्त्रगाळ कणीक भाच्याकडून मळून घेतली, तार सुटेपर्यंत. अंगणात तीन विटांवर खापर पालथं ठेवलं, खाली तुराट्या आणि बाभळीचा जाळ. मांडा लाटायचा नसतो. पुरण भरलेला गोळा दोन्ही तळहातांवर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर फेकत वाढवायचा. तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत तो उतरतो, ओल्या रुमालासारखा लोंबतो, आणि तो तसाच खापरावर टाकायचा. पहिला मांडा भाच्याच्या कोपराला चिकटून फाटला. दुसराही. काकू स्टुलावरून नुसती "हात ढिला, हात ढिला" म्हणत होती. तिसऱ्याला भोक पडलं, पण तो खापरावर पडला, आणि क्षणात त्याच्यावर तपकिरी ठिपके उमटले. गल्लीत पिकअपचा स्पीकर वाजत होता. फेरीतली माणसं दाराशी आली, जाळ दिसला म्हणून आत आली. ड्रायव्हरनं स्पीकर आपणहून बंद केला. कुणीतरी ढोलकी काढली. टिळकांचं भजन सुरू झालं तेव्हा पप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले आणि पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत पाठ म्हणत राहिले, एक शब्द न चुकता. दुपारी त्यांनी माझ्या लेकीचं नाव दोनदा विचारलं होतं.

सातव्या की आठव्या मांड्याला भाच्याचा हात बसला. तो मांडा काकूच्या मांड्यापेक्षा मोठा झाला, खापराच्या कडेखाली उतरला. काकू काही बोलली नाही. स्टूल जाळाजवळ ओढून घेतलं आणि चांगल्या हातानं तुराट्या आत सारायला लागली.

पंचवीसला उपासना झाली, चर्चबाहेर मांडव घालावा लागला एवढी गर्दी. हॉटेलचं जेवणही आलं आणि मला कबूल करायला हवं की बरं होतं. शेजारी अकरा मांडे, तूप, दूध, रशी. पंचवीस माणसांत अर्धा अर्धाही वाट्याला आला नाही, आणि पप्पांनी यंदाही दुसरा मागितला.

सव्वीसला निघताना काकू खापर पुसत होती. काठाशी केसाएवढी चीर गेलेली. भाच्याला तिनं जवळ बोलावून ती बोटानं दाखवली. "यंदा चाललं. पुढच्या वर्षी नवं लागेल. अमळनेरहून आण, ठोकून पाहून घे. आणि गाडीच्या डिक्कीत टाकू नको. मांडीवर आण."