फ्लूची लस आणि ‘हो / नाही’चा रकाना

मला आमवात आहे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. मेथोट्रेक्सेट, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, चालू आहे. फ्लूची लस घ्या, असं माझ्या संधिवाताच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं. केंद्रात नोंदणी झटपट झाली. मग फॉर्मवर तो रकाना आला: ‘ऑटोइम्यून आजार आहे का? हो / नाही.’

आमवात त्यातलाच, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असा आजार. ‘हो’वर खूण केली आणि घोडं अडलं. काउंटरवरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. “तुम्हाला नाही देता येणार.” का? “रिस्क असते.” कसली, ते त्यांनाही सांगता येईना. आतल्या डॉक्टरांनी फॉर्म पाहिला, माझ्याकडे नाही, आणि लेखी पत्र आणायला सांगितलं. पत्र आणलं तर त्यावर लसीचं नाव नाही. नाव घालून आणलं तर शिक्का नाही. रांगेतले एक काका म्हणाले, “अहो, ‘नाही’वर टिक करायची!” तेवढं मात्र करू नका. औषधं लपवलीत तर नको ती लस टोचली जाईल.

राग याचा, की भीती अर्धीच सांगतात. 1976 साली अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या लसीनंतर जीबीएसचे (गिलां-बारे सिंड्रोम, यात प्रतिकारशक्ती नसांवरच हल्ला करते) रुग्ण वाढले, साधारण लाखात एक जादा. 2009च्या साथीत पँडेम्रिक्स लसीनंतर फिनलंड-स्वीडनमधल्या काही मुलांना नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा आजार, झाली. खरंच आहे. पण खुद्द फ्लू झाल्यावर जीबीएसचा धोका लसीपेक्षा जास्त असतो, हे कोण सांगणार? एप्स्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर मल्टिपल स्क्लेरोसिसचा (मेंदू आणि मज्जारज्जूचा ऑटोइम्यून आजार) धोका 32 पट वाढलेला अमेरिकी सैनिकांच्या नोंदींत दिसला, 2022 साली. त्या विषाणूकडे कोणी शिक्क्याचं पत्र मागत नाही.

तर पत्रात लसीचं नाव, ती निष्क्रिय (जिवंत विषाणू नसलेली) आहे हे, तुमची औषधं आणि सही-शिक्का, सगळं एकदमच लिहून घ्या. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर, नाकात फवारायची फ्लूची, या जिवंत लसी. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना सहसा टाळतात. लसीनंतर मेथोट्रेक्सेट दोन आठवडे थांबवायचं का, तेही विचारा. मला थांबवायला सांगितलं. आपल्या मनाने थांबवू नका. रिटुक्सिमॅब (हेही प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) घेत असाल तर तारखा आधी जुळवाव्या लागतात. पूर्वी लसीनंतर सहा आठवड्यांत जीबीएस झाला असेल तर गोष्टच वेगळी, ते डॉक्टरांना आधी सांगा. आणि हो, ज्यांची औषधं अजून सुरू व्हायची आहेत त्यांनी जमेल तेवढ्या लसी आधीच उरकाव्यात.

लस टोचायला मिनिटही लागलं नाही. दंड दुखला, बस. निघताना बाई म्हणाल्या, “पुढच्या वर्षी नवीन पत्र लागेल हं, हे चालणार नाही.”