ओकलंडचा पास्टर आणि आठ फुटांचा कायदा

गर्भपात म्हटलं की आपल्याकडे आठवतं ते सोनोग्राफीचं मशीन आणि 'मुलगी नको' म्हणणारं घर. महाराष्ट्राने १९८८ सालीच गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला, तो त्यापायी. पण १९७१ च्या कायद्याने मिळालेला गर्भपातच बंद करा, म्हणून आपल्याकडे सहसा कोणी रस्त्यावर उतरत नाही. अमेरिकेत उतरतात. वर्षानुवर्षं.

आमच्या बे एरियातले, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचे, वॉल्टर हॉय हे त्यांपैकीच एक. बर्कलीच्या चर्चमधले कृष्णवर्णीय बाप्टिस्ट पास्टर, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू. ओकलंडच्या गर्भपात क्लिनिकबाहेर ते फलक घेऊन एकटेच उभे राहायचे. 'देवाचं तुझ्यावर आणि तुझ्या बाळावर प्रेम आहे, आम्हाला मदत करू दे', असं काहीसं त्यावर लिहिलेलं. क्लिनिकचे स्वयंसेवक कोरे पुठ्ठे आडवे धरून तो झाकायचे. मग शहराने कायदाच केला. दारापासून १०० फुटांच्या आत, समोरच्याच्या संमतीशिवाय ८ फुटांपेक्षा जवळ जाऊन पत्रक द्यायचं नाही, फलक दाखवायचा नाही, समजावायचं नाही.

२००९ च्या जानेवारीत ज्युरीने हा कायदा मोडल्याबद्दल हॉय यांना दोषी ठरवलं. क्लिनिकपासून लांब राहायचं कबूल केलं असतं तर तुरुंग टळला असता. ते नाही म्हणाले, आणि ३० दिवसांची शिक्षा घेऊन सांता रीटा जेलमध्ये गेले. हे जेल बे एरियातल्याच डब्लिनमध्ये आहे, जिथे आपली मराठी मंडळी भरपूर राहतात.

मी त्यांच्या मताची नाही. मूल कधी होऊ द्यायचं हे त्या बाईनेच ठरवावं, असं मला मनापासून वाटतं. क्लिनिकच्या दारात बाईला वाटणारी भीतीही खोटी नाही. त्याच वर्षी ३१ मे रोजी कॅन्ससमधल्या विचिटात डॉ. जॉर्ज टिलर यांना गर्भपात करतात म्हणून गोळी घालून मारलं, तेही त्यांच्याच चर्चमध्ये. असे कायदे उगाच होत नाहीत.

पण हॉय यांच्या हातात फलकच होता. ओकलंडचे पोलीस हा कायदा कसा लावत होते ते वाचून मला खरोखर राग आला. स्वयंसेवकाने जवळ जाऊन 'चला, तुम्हाला आत सोडते' म्हटलं तर चालायचं. हॉय यांनी तितक्याच अंतरावरून 'दुसऱ्या मार्गाबद्दल बोलूया का?' विचारलं की गुन्हा! फुटपाथ एकच, अंतर एकच, फरक फक्त बोलण्यात. उद्या सत्ता दुसऱ्यांच्या हाती गेली की हीच पट्टी क्लिनिकच्या बाजूने बोलणाऱ्या बाईला लागेल.

हॉय यांची शिक्षा पुढे अपिलात रद्द झाली. २०११ मध्ये नवव्या सर्किटच्या फेडरल अपील न्यायालयाने कायदा कायम ठेवला, पण शहराची ही एकतर्फी अंमलबजावणी घटनाबाह्य ठरवली. आठ फूट पाळायचे तर दोन्ही बाजूंनी पाळायचे. मला हा निकाल पूर्णपणे पटतो.

२०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी गर्भपाताचा हक्क राज्यघटनेतच घातला. हॉय यांना तो निकाल नक्कीच झोंबला असणार. मला आनंद झाला.